वरच्या कप्प्यातला धागा

बरीच वर्षं मी टाक्यांचा धागा पेशंटच्या पायांकडे बघून निवडत होतो.

पायांत बूट असले की बारीक धागा. बऱ्या चपला असल्या तरी बारीक. आणि पाय अनवाणी, भेगाळलेले, चिखलाने भरलेले असले की जाड. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही आणि मला कुणी शिकवलेलाही नाही. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी साफ नाकारलं असतं, आणि आपण खोटं बोलतोय असंही मला वाटलं नसतं. पण माझे हात तसेच वागत होते. पुढे नाशिकला स्वतःचं रुग्णालय झालं, सगळ्यांनाच बारीक धागा वापरायला लागलो, आणि आपल्याला अशी काही सवय होती हेच विसरून गेलो. गेल्या वर्षी एका बाईंच्या हाताने ती आठवण करून दिली.

मी सर्जन आहे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं बारा खाटांचं रुग्णालय आहे. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, गळ्यातल्या गाठी हे रोजचं काम. पण लोकांत माझं नाव झालं ते टाक्यांमुळे. इंदिरानगरात आमच्या सोसायटीतल्या बायका एकमेकींना सांगतात, "त्यांच्याकडे जा, वण राहत नाही." हे खरं नाही. वण सगळ्यांच्याच हातचा राहतो. तो कुठे राहावा आणि किती दिसावा, एवढंच सर्जनच्या हातात असतं. पण ते एवढं माझ्या हातात आहे, आणि चांगलं आहे, हे म्हणायला मी आता लाजत नाही.

ज्यांचा हात मी बिघडवला त्यांचं नाव इथे मंजुळाबाई असं ठेवतो. खरं नाव वेगळं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय. "नाव बदला, पण येलीचं लिहा," एवढीच त्यांची अट होती.

तेवीस वर्षांपूर्वी नाशिकहून पेठला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहान दवाखान्यात मी आठवड्यातले तीन दिवस जात असे. भातकापणीचे दिवस होते. दुपारी दोनच्या सुमाराला एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी डाव्या हाताला पदर गुंडाळून आली. पदर रक्ताने भिजला होता. उजव्या हातात विळा आणि डाव्या मुठीत भाताची पेंढी धरून कापताना विळा निसटला होता. मनगटाच्या वर चार बोटं, हाताच्या आतल्या बाजूला तिरका, लांब वार. मी तिला बोटं हलवायला सांगितली, हलली. बोटांना स्पर्श कळत होता. मोठी शीर वाचली होती. म्हणजे सर्जनच्या हिशेबाने किरकोळ काम.

हात धुतल्यावर रक्ताखालचं गोंदण दिसायला लागलं. कोपरापासून मनगटापर्यंत निळी-हिरवी वेल, दोन्ही बाजूंना पानं. वार बरोबर वेलीच्या मधून गेला होता. मुलगी रडत नव्हती. म्हणाली, "दादा, येल जुळवा."

मी म्हणालो, "हात वाचला ना? मग वेलीचं काय घेऊन बसलीस!"

शेजारच्या कपाटात खालच्या कप्प्यात काळा रेशमी जाड धागा होता. तो घेतला. सात टाके घातले, लांब लांब, घट्ट. पट्टी बांधली. "आठ दिवसांनी ये," असं तिच्याकडे न बघताच सांगितलं, कारण तोवर पुढचा पेशंट आत आला होता. ती आली नाही. आणि मी तिला विसरलो. इतका विसरलो की 'टाके काढायला हे लोक येतच नाहीत' ही तक्रार मी पुढे कित्येकदा मित्रांत केली. त्या तक्रारीत तीही होती हे मला माहीत नव्हतं.

मला नीट शिवणं येत नव्हतं असं कुणाला वाटेल म्हणून सांगतो. येत होतं. शिकत असताना आमच्या सरांनी मला द्राक्षं शिवायला बसवलं होतं. बाकीच्या मुलांना त्यांनी केळ्याची सालं दिली आणि मला म्हणाले, "नाशिकचा ना तू? मग तू द्राक्ष शिव." द्राक्षाच्या सालीला चीर द्यायची आणि ती शिवायची. साल फाटली की नापास. रस आला की नापास. चिमट्याने साल चेंगरली तर सर काहीच बोलायचे नाहीत, ते द्राक्ष उचलून तोंडात टाकायचे आणि पुढचं समोर ठेवायचे. पहिल्या महिन्यात सरांनी माझ्या हातची पुष्कळ द्राक्षं खाल्ली.

त्या द्राक्षांनी शिकवलेलं साध्या शब्दांत असं आहे. जखमेला दोन थर असतात. ओढ असते ती खालच्या थराला. म्हणून आधी आत, न दिसणारे टाके घालायचे, विरघळणाऱ्या धाग्याचे. सगळी ओढ त्यांनी सोसायची. मग वरच्या कातडीला ओढायला काही उरतच नाही, तिच्या दोन कडा फक्त शेजारी शेजारी ठेवायच्या असतात. नवा डॉक्टर नेमकं इथेच उलटं करतो. खाली काही घालत नाही आणि वरून करकचून बांधतो. दुसऱ्या दिवशी जखमेला सूज येते, धागा कातडीत रुततो, आणि जखम भरल्यावर तिथे शिडी उमटते. मधे एक दांडा, त्याला आडव्या पायऱ्या. ही शिडी विळ्याने केलेली नसते, डॉक्टरने केलेली असते.

धाग्याच्या जाडीचं गणित उलटं आहे. शून्यं जितकी जास्त तितका धागा बारीक. तीन शून्यांचा धागा जाड, पाच शून्यांचा बारीक, सहा शून्यांचा तर चष्म्याशिवाय मला आता दिसत नाही. कडा किंचित वर उचललेल्या राहतील असं शिवायचं. पेशंट घाबरतात, "डॉक्टर, उंचवटा आलाय." येऊ दे. पुढे वण आकसतो आणि सपाट होतो. पहिल्याच दिवशी सपाट शिवलं तर पुढे तिथे खळगा पडतो. चेहऱ्याचे टाके पाचव्या दिवसाच्या आसपास काढायचे, हाताचे आठ-दहा दिवसांनी. उशीर झाला की टाक्यांच्या भोकांचे वण राहतात.

आणि पहिला टाका कुठे घालायचा? जखमेच्या टोकाला नाही. जिथे खूण आहे तिथे. ओठ फाटला असेल तर ओठाची लाल रेघ आधी जुळवायची. भुवई असेल तर भुवईची कड. कपाळ असेल तर आठी. सरांच्या यादीत गोंदणसुद्धा होतं. "गोंदलेली रेघ म्हणजे देवानेच आखून दिलेली खूण, गाढवांनो," असं ते म्हणायचे. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

भुवईवरून एक नवरदेव आठवला. इंदिरानगरातलाच मुलगा, साखरपुड्याच्या चार दिवस आधी न्हाणीघरात घसरला आणि नळावर आपटला. भुवई मधोमध फुटली. सोबत सात माणसं. त्यातल्या आत्याबाईंनी घरीच वस्तऱ्याने अर्धी भुवई काढून टाकली होती, "जखम स्वच्छ दिसावी म्हणून." भुवई कधीही भादरायची नसते, कारण तीच तर जुळवायची खूण. मी दुसऱ्या भुवईकडे बघत बघत अंदाजाने शिवत होतो आणि आत्याबाई दारातून विचारत होत्या, "सोमवारपर्यंत केस येतील ना हो?"

"आत्याबाई, केस येतील, पण सोमवार त्यांच्या आधी येईल."

टेबलावरून नवरदेव म्हणाला, "डॉक्टर, फोटोला कुठली बाजू पुढे करू तेवढं सांगा." वर्षभराने जोडीने पेढे घेऊन आला. बायको म्हणाली, "मला अजून सापडलेला नाही वण." मला सापडला. पण मी सांगितलं नाही.

दुसरे एक ट्रकवाले, द्वारकेच्या चौकात गाडीचा दरवाजा गालावर आपटून आलेले. त्यांच्या गालावर मी दोन थरांत, सहा शून्यांच्या धाग्याने, माझ्या आयुष्यातलं एक उत्तम काम केलं. तीन महिन्यांनी आले ते नाराज.

"साहेब, एवढं बारीक कुणी सांगितलं होतं? पाच जणांशी मारामारी झाली म्हणून सांगितलंय मी ढाब्यावर. दाखवायला काही नको का?"

आमच्या शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टर सिंधूताई मूळच्या नांदगावच्या. माझ्याबरोबर पंधरा वर्षं आहेत आणि कुणालाच घाबरत नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, पुन्हा आपटा दरवाजा. या वेळी मी शिवते."

अशा गोष्टी सांगायला सोप्या जातात. आता अवघड सांगतो.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर एक मुलगी माझ्याकडे आली. वैशाली म्हणू तिला. नाशिकलाच नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष. गळ्यावर समोर गाठ होती. तपासण्या केल्या, गाठ साधी निघाली, पण वाढत होती. काढायचं ठरलं. मुलीला भीती एकाच गोष्टीची होती, गळ्यावर कायमची रेघ राहील. सोबत आई होती, पेठकडच्या गावाहून आलेली.

गळ्याचा छेद पेशंट आडवा झोपल्यावर आखायचा नसतो. बसवायचं, मान खाली-वर करायला लावायची, आणि कातडीला जिथे आपणहून घडी पडते तिथे पेनाने रेघ मारायची. कातडीला तिच्या स्वतःच्या रेघा असतात. त्यांच्या बाजूने कापलं की वण त्यांच्यात मिसळून जातो, आडवं गेलं की आयुष्यभर उठून दिसतो. मी रेघ मारली. आई वाकून बघत म्हणाली, "बरी जागा हाय. मंगळसूत्राखाली झाकंल."

"आई, त्याआधी हॉस्पिटलचं ओळखपत्र लटकणार आहे गळ्यात," वैशाली म्हणाली.

"मंग त्याच्याखाली झाकंल. मला काय, झाकलं म्हंजी झालं."

सगळे हसलो. मग सहीसाठी संमतीचा कागद घ्यायला आईने डावा हात पुढे केला आणि स्वेटरची बाही वर सरकली.

आपलं जुनं अक्षर आपल्याला ओळखू येतं. हाताच्या आतल्या बाजूला एक रुंद, पांढरट वण, त्याला सात आडव्या पायऱ्या. वणाच्या वरून येणारी वेल तिथे थांबत होती आणि अर्धं बोट बाजूला सरकून पुन्हा सुरू होत होती. मधल्या बावीस वर्षांत मी त्या मुलीचा विचारही केला नव्हता. पण तो हात पाहिला आणि विळा, पेंढी, रक्ताचा पदर, सगळं एकदम समोर आलं.

मी विचारलं, "हे कुठे झालं?" मला माहीत असताना विचारलं, हेही लिहायला हवं.

"त्या पेठच्या रस्त्याच्या दवाखान्यात. तवा वैशाली झालीबी नव्हती. एक तरुण डॉक्टर होता, तोंडाला फडकं बांधलेला. मी म्हनलं, दादा, येल जुळवा. तर म्हने, हात वाचला ना, मग येलीचं काय घेऊन बसलीस."

"आई ही गोष्ट लग्नाकार्यातसुद्धा सांगते," वैशाली म्हणाली.

"सांगनारच. मी न् माझी धाकली बहीन, दोघींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदून घेतलं. शेजारी बसून हात लागून ठेवले की हिच्या येलीचं पान तिच्या पानासमोर यायचं. ती लांब दिली, गुजरातच्या अंगाला. भेटली की आमी आधी हात लावून बघायचो. आता नाय जुळत. ती म्हनती, ताई, तुझी येल पळाली."

"आणि टाके?" मी विचारलं. "टाके कुणी काढले?"

"मीच! कापनी झाली न् आमी सगळे द्राक्षाच्या बागेत कामाला गेलो, निफाडकडं. तिथून कवा येनार? टाके लय खाजवायचे. महिन्यानं घेतली द्राक्ष विरळायची कात्री न् टाकले कापून."

शेजारी उभ्या असलेल्या सिंधूताईंनी सहज विचारलं, "मावशी, तो डॉक्टर आज भेटला तर काय कराल?"

"काय करनार? इचारीन, येल का नाय जुळवली म्हनून." मग त्याच म्हणाल्या, "पन त्याचा तरी काय दोस? असल्या दवाखान्यात बारीक धागा कुठला असायला."

मी कागद पुढे केला. "इथे सही करा," म्हणालो.

त्या वेळी बोललो नाही याचं कारण मी स्वतःला असं दिलं, की उद्या मुलीचं ऑपरेशन आहे, आत्ता सांगितलं तर आई घाबरेल. कारण खोटं नव्हतं. पण ते मला फार सोयीचं होतं.

वैशालीचं ऑपरेशन चांगलं झालं. शेवटी आतल्या थराला टाके घातले, मग कातडीच्या आतून एकच सलग विरघळणारा धागा फिरवला, वरून एकही टाका नाही. बाहेर काढायचं काहीच नाही. आणि तो धागा ओढून घेताना, बावीस वर्षं उशिरा, मला साधी गोष्ट कळली. भात कापून निफाडला कामाला जाणाऱ्या मुलीला हाच धागा हवा होता. मी विचारलं असतं तर तिला परत येता येणार नाही हे दोन वाक्यांत कळलं असतं. पायांकडे बघितलं ते ठीकच होतं, पण ते कुठून चालत आले आणि कुठे जाणार आहेत हे बघायला हवं होतं. आता नव्या पेशंटला माझा पहिला प्रश्न हाच असतो, "परत कधी येता येईल?"

पुढे दोनदा मायलेकी तपासायला आल्या. दोन्ही वेळा मंजुळाबाई माझं कौतुक करत होत्या आणि दोन्ही वेळा मी गप्प राहिलो. आता त्या आनंदात आहेत, त्यावर विरजण कशाला, असं नवं कारण सापडलं होतं. दुसऱ्या वेळी त्या गेल्यावर सिंधूताई हत्यारं मोजत मोजत म्हणाल्या, "साहेब, पेठ रोडच्या दवाखान्यात तेव्हा तुम्हीच जायचात ना? तुम्हीच सांगितलं होतं मागे."

मी हो म्हणालो.

"मला वाटलंच. लोकांच्या जखमा उघड्या दिसल्या की तुम्हाला चैन पडत नाही. स्वतःचं तोंड मात्र बरं शिवून घेतलंय. एकदम बारीक टाके, दिसतसुद्धा नाहीत."

तिसऱ्या महिन्यात मायलेकी शेवटच्या तपासणीला आल्या. वैशालीच्या गळ्यावर घडीत मिसळलेली एक फिकट रेघ होती. उन्हात जाताना गळा झाकायचा, मलम चोळायचं, हे तिला आता मी सांगायची गरज नव्हती. तिची नोकरी ठरली होती, गळ्यात ओळखपत्र होतं. मंजुळाबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि त्या म्हणाल्या, "हात लय चांगला तुमचा, डाक्तर."

मी म्हणालो, "मंजुळाबाई, तुमचा हातही मी नीट करून देतो. तो जुना वण काढायचा आणि वेल जुळवून घ्यायची. तेवढाच भाग बधिर करू, तुम्ही जाग्याच असाल. जुळली की नाही ते तुम्हीच सांगायचं."

त्यांनी डावा हात पदराखाली घेतला. "आता कशाला? झालं आमचं वय."

"नाही, करू या."

"पन तुमचं काय अडलंय त्यात?" त्या खरंच गोंधळल्या होत्या. वैशालीही माझ्याकडे बघायला लागली. "सर, आईने तर काही मागितलं नाही."

मला वाटलं होतं, हात नीट करून दिला की सगळं त्यात आलं. सर्जनला असंच वाटतं, की हातांनी केलं म्हणजे तोंडाने बोलायला नको. पण समोरच्या बाईने 'का' म्हणून विचारलं होतं, आणि 'का' याचं उत्तर माझ्या हातांकडे नव्हतं.

"तो डॉक्टर मी होतो," मी म्हणालो. "तोंडाला फडकं बांधलेला."

सिंधूताईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. मंजुळाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग डोळ्यांकडे, जणू नाकावर फडकं धरून बघताहेत. "तुमी?"

"मी."

मंजुळाबाईंनी पदर सावरला आणि त्या हळू म्हणाल्या, "असू द्या. तवा धागा नसंल तुमच्याकडं."

त्या मला वाट करून देत होत्या. बावीस वर्षं त्या डॉक्टरला त्या अशीच वाट करून देत आल्या होत्या. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दवाखाना लहान होता, सोयी नव्हत्या, सगळ्यांनी मानलं असतं.

मी खुर्चीवरून उठलो. त्या दिवशी त्या उभ्या होत्या आणि मी बसलो होतो, हे मला आठवलं. त्या दिवशी मी त्यांना अगं-तुगं केलं होतं, हेही आठवलं.

"नाही, मंजुळाबाई. धागा होता. बारीक धागा कपाटात होता, वरच्या कप्प्यात. शहरातली माणसं आली तर त्यांच्यासाठी ठेवला होता. वेल कशी जुळवायची तेही मला येत होतं, शिकलो होतो. तुम्ही मला जुळवा म्हणालात, मी तुमच्या पायांकडे बघितलं आणि खालच्या कप्प्यातला धागा काढला. वर तुम्हाला तसं बोललो. तुमचं काहीच चुकलं नव्हतं, दवाखान्याचंही नाही. माझं चुकलं. मला माफ करा."